फुलवालीची बोटं

तिचं नाव मी कधी विचारलं नाही. सत्तरीची इंग्रज बाई होती. तिकडे कथा लिहायची आणि वर्तमानपत्रांत इतरांच्या कथांवर टीका करायची. महिनाभर ती रोज सकाळी तमिळ मुलखातल्या आमच्या गावी राजवाड्यामागच्या गल्लीत, फुलवालीच्या शेजारच्या पायरीवर येऊन बसे. मी निवृत्त इंग्रजी शिक्षिका, म्हणून तिनं मला दुभाषी केलं. तिनं आपल्या कथेतलं एक वाक्य वाचायचं आणि मी ते फुलवालीला तमिळमध्ये सांगायचं.

ऐकताना फुलवाली केळीच्या सोपटाच्या दोऱ्यात मोगरा आणि मरवा गुंफत असे. बाईची नजर फक्त तिच्या बोटांवर असायची. बोटं थांबली नाहीत, की बाई ते वाक्य पेन्सिलीनं खोडून टाकी. कितीतरी सुंदर वाक्यं अशी गेली.

"हे तरी राहू द्या," मी एकदा न राहवून म्हणाले.

"चाळीस वर्षं मी दुसऱ्यांची खोडली," ती म्हणाली. "तेव्हा कुणाचं ऐकलं नाही."

बारा पानांचं दीड पान उरलं. तिच्या परतीच्या आदल्या दिवशी, कथेतली म्हातारी नवऱ्याचं घर सोडून निघाली, तिथे बोटं थांबली, ती पुन्हा चालेनात.

"टीचर," फुलवालीनं मला विचारलं, "जाताना तिनं दार ओढून घेतलं, का उघडंच ठेवलं?"

मी प्रश्न बाईला सांगितला. मग तिनं कोरा कागद काढला, वर तो प्रश्न लिहिला आणि म्हणाली, "तिकीट मी बदलून घेते. तुम्ही उद्या जरा लवकर या."