पडेगावच्या शाळेची चावी

शैलाताई गेल्याचा फोन आला तेव्हा मी लासूर स्टेशनच्या बाजारात मेथीची जुडी हातात धरून उभी होते. फोनवर तिची सून होती. मी "बरं" म्हणाले, फोन पिशवीत टाकला आणि भाजीवालीशी पुन्हा घासाघीस करायला लागले. लोक म्हणतील, काय दगडाच्या काळजाची बाई आहे! म्हणू देत. महिना होत आला, तरी ताईची आठवण आली की मला आधी रागच येतो. रडू त्याच्या मागून येतं...

पडेगावला पत्र्याच्या दोन खोल्यांत आम्ही दोघींनी शाळा काढली होती. खाजगी शाळा म्हणजे टाय-बूट, हे ताईला मंजूरच नव्हतं. बिहारकडून बांधकामावर आलेल्यांची, आमच्या मोहल्ल्यातली, गंगापूरकडून ऊसतोडीला जाणाऱ्यांची पोरं आमच्याकडं यायची. दुसऱ्या शाळेत चार महिने पोरगं दिसलं नाही की नाव कापायचे. आमच्याकडं ते परत आलं की जिथं सोडलं तिथून पुढं शिकायचं. परीक्षा नाही, बाकं नाहीत. पोरं आधी घरच्या बोलीत बोलायची, मग मराठीत. बापासोबत भिंत मोजून आलेलं पोरगं गणितात कुणाला ऐकायचं नाही.

आणि शाळेची चावी आमच्याकडं नसायचीच. दर सोमवारी ती एका पोराच्या घरी जायची, आठवडाभर तिथंच राहायची. सकाळी ते पोरगं आईला नाहीतर बापाला घेऊन यायचं आणि कुलूप उघडायचं. मी पहिल्यांदा भांडलेच. "अगं ताई, हरवली म्हणजे?"

"हरवली तर हरवली. ज्याच्या हातात चावी, त्याला शाळेचं भ्या वाटत नाय, नसरीन."

तेव्हा मी तिच्यावर जीव टाकला. खोटं कशाला बोलू?

मग एका वर्षी दिवाळीची सुट्टी संपली तेव्हा चावी मुनियाकडं होती. बाप फरशी बसवायचा, आई रेती वाहायची. सुट्टीभर पोरीनं ती गळ्यात घालून मिरवली होती. मी पोचले तर दारात सगळी पोरं जमलेली आणि मुनिया चावी घुसवतेय, काढतेय, पुन्हा घुसवतेय. जातच नव्हती. आई तिच्या पाठीत धपाटा घालायला निघाली तशी ती माझ्याकडं बघून रडायला लागली. "मैडम, मैंने कुछ नहीं बिगाड़ा..."

मी कुलूप हातात घेतलं. नवं कोरं होतं.

तेवढ्यात एक अनोळखी वॉचमन आला. म्हणाला, शाळा शहरातल्या संस्थेनं घेतली, पक्की इमारत होणार. "अब माँ-बाप का बी इंटरव्यू है मैडम, अंग्रेजी में." मुनियाच्या आईनं माझ्याकडं पाहिलं. तिला वाटलं, मला सगळं माहीत होतं. तिनं पोरीच्या गळ्यातली चावी काढून माझ्या हातावर ठेवली. पुढच्या आठवड्यात ते लोक दुसऱ्या कामावर निघून गेले. ती पोरगी पुन्हा कुठल्या शाळेत बसली का, अल्लाला ठाऊक.

शाळेचे कागद ताईच्या नावावर होते. मी तशीच तिच्या घरी गेले. ती चहा घेत होती.

"शाळा जगली ना, नसरीन? पत्रे गळत होते."

"कुणाची शाळा?"

तिनं बशी खाली ठेवली. मग हळूच म्हणाली, "तुला सांगितलं असतं तर तू मला सही करू दिली नसती."

"व्हय. नसतीच दिली!"

माझ्यासाठी ओतलेला चहा तसाच ठेवून मी उठले. त्यानंतर तिची पायरी चढले नाही. ती आजारी आहे हे कळलं, तरी नाही.

गेल्या आठवड्यात तिची सून घरी आली. जुन्या धडप्यात काहीतरी गुंडाळून आणलं होतं. "आईंच्या उशाशी असायचं हे. दर सोमवारी तेल घालायच्या. म्हणायच्या, नसरीनला द्या." आमचंच जुनं कुलूप. एवढ्यावर मी विरघळेन असं वाटलं असेल का ताईला? तेल घालायला वेळ होता, मला एक शब्द सांगायला नव्हता...

सून गेल्यावर मसाल्याच्या डब्यामागून चावी काढली. घातली, फिरवली. झटकन उघडलं.

ताई, पोरीनं काहीच बिघडवलं नव्हतं गं.