बॅटरीजवळचा फ्यूज

चेन्नईत अंबत्तूरला आमच्या गल्लीच्या तोंडाशी गाड्यांचा एक इलेक्ट्रिशियन बसतो. त्याचं नाव मी कधी विचारलं नाही. तोही मला नुसतं ‘सार’ म्हणतो. बॅटरीला हात लावण्याआधी तो अंगठी काढून खिशात ठेवतो आणि समोरच्यालाही काढायला लावतो.

जुन्या व्हॅनमध्ये पलंग, शेगडी बसवून मी तिचं फिरतं घर केलं. बॅटरीचे व्होल्ट दाखवणारा मीटरही स्वतःच जोडला आणि घरभर मिरवलो. सहलीच्या आदल्या दिवशी बायकोला घेऊन व्हॅन त्याच्याकडे नेली, खरं तर कौतुक ऐकायला.

त्याने आकड्यांकडे पाहिलंच नाही. “फ्यूज कुठे?”

“हा काय, मीटरजवळ. दिसायला बरा.”

“सार, वॉचमन गेटवर ठेवतात की स्वयंपाकघरात?”

बॅटरीकडून येणारी वायर लेकीच्या पलंगाखाली पत्र्याच्या कडेवर घासून सोलवटली होती. आतली उघडी तार पत्र्याला टेकली असती तर गादी पेटली असती आणि पलीकडचा माझा फ्यूज शाबूत राहिला असता. बायको माझ्याकडे बघेना.

त्याने आधी बॅटरीची निगेटिव्ह वायर सोडवली. नवी वायर रबरी नळीतून नेली, फ्यूज बॅटरीला खेटून बसवला, मग निगेटिव्ह जोडली. मीटर लागला. तरी तो चपला काढून पलंगाशेजारी बसला आणि दहा मिनिटं वायरवर तळवा ठेवून ती तापते का बघत राहिला.

“गार आहे, अम्मा,” तो शेवटी बायकोला म्हणाला. “पोरीला खुशाल झोपवा. सारना फक्त शेगडीवर कॉफी करू द्या.”

बायको खळखळून हसली. इतक्या आनंदाने मी कुणाला स्वतःवर कधी हसू दिलं नव्हतं.