कॅमेऱ्याबाहेरची खुर्ची

सरांचा ऑनलाइन तास सुरू झाला की काकू लॅपटॉपच्या बाजूला, कॅमेऱ्यात दिसणार नाही अशा बेताने खुर्ची टाकून बसत. मांडीवर पाटी, हातात खडू. कुणी प्रश्न विचारला की त्या भराभर पाटीवर लिहीत, सर तिरक्या नजरेने वाचत आणि जणू स्वतःच ऐकल्याच्या थाटात उत्तर देत. सरांना ऐकू येत नव्हतं. कानात यंत्र घातलं तर लॅपटॉपमधले आवाज नुसते करकरत, आणि विद्यापीठाला कळवायचं म्हटलं की सर तोंड फिरवत. काकूंची सगळी नोकरी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये लोकांचे कॉल जोडण्यात गेली होती, त्यामुळे निवृत्तीनंतरही धंदा तोच, असं त्या म्हणत.

हल्ली मात्र त्यांच्या खडूला काम उरलं नव्हतं. मुलं तोंड उघडायचीच बंद झाली होती, जे काय असेल ते चॅटमध्ये लिहीत. आजकालच्या पोरांना जीभ हलवायचाही कंटाळा, असं काकूंचं मत पडलं.

पण विद्यापीठाची प्रणाली माइकवर कोण किती बोललं तेवढंच मोजायची. मुलांच्या सहभागात सरांचा तास तळाला गेला. विभागप्रमुख बाईंनी कळवलं की त्या स्वतः तासाला बसतील, आणि गरज वाटल्यास हा विषय दुसऱ्या कुणाकडे देतील. काकूंना तेच नको होतं. हा तास होता म्हणून तर सर सकाळी दाढी करत, इस्त्रीचा शर्ट घालत.

त्या दिवशीही मुलं लिहीतच राहिली. शेवटी बाईंनी सरळच विचारलं, तुम्ही बोलत का नाही? मग एका मुलीने माइक उघडला.

"मॅडम, सरांना ऐकू येत नाही. ते सारखे बाजूला बघून उत्तर देतात, आणि तिथलं कुणी उठून गेलं की भलतंच बोलतात. लिहिलं की बरोबर कळतं त्यांना. म्हणून आम्ही सगळ्यांनी ठरवून टाकलं, लिहायचं."

बाई म्हणाल्या की मग लिहिलेलंही मोजायला हवं, तसं त्या आजच सांगतील, आणि तास सरांकडेच राहील.

"काय म्हणाली ती?" सरांनी हळूच विचारलं. काकूंना काहीतरी थाप मारता आली असती. आजवर सरांची लाज राखण्यासाठी कितीदा मारलीही होती. पण त्यांना भरून आलं होतं, आणि थाप सुचेना. त्यांनी लिहिलं, "मुलांना सगळं ठाऊक आहे. तास तुमच्याकडेच राहतोय."

सरांनी वाचलं. चष्मा काढून पुसला, पुन्हा लावला. मग हात लांब करून काकूंची खुर्ची ओढली, पाटीसकट, घरच्या गाऊनसकट, थेट कॅमेऱ्यासमोर.

"ही माझी बायको," ते वर्गाला म्हणाले. "तुमचं आजवरचं सगळं बोलणं हिनेच ऐकलंय."