धुऱ्यावरचं घड्याळ

माझ्या आणि थोरल्या चुलतभावाच्या शेतांमध्ये एकच धुरा, म्हणजे बांध, आहे. तो दरसाल नांगरटीला माझ्याकडे सरकतो, असं माझं ठाम मत होतं. दादाचं मत नेमकं उलटं. त्यावरून आमचं बोलणं बंद झालं, ते दोन पोळे उलटले तरी बंदच होतं. सरकारी मोजणी आणायची म्हणजे भावाला गावासमोर चोर ठरवायचं, आणि तेवढी छाती मला नव्हती. मला गुपचूप पुरावा हवा होता.

धामणगाव बढ्याच्या शाळेत माझा एक तरुण सहकारी आहे. तो पळायला जायचा आणि त्याच्या मनगटावरच्या घड्याळामुळे मोबाइलच्या नकाशावर रस्त्याची रेघ उमटायची. नकाशातला उपग्रहाचा फोटो जुना, म्हणजे आमचा धुरा त्यात मूळ जागी. आता धुऱ्यावरून चालायचं आणि रेघ दादापुढे धरायची, बस. बायकोला मात्र सांगितलं, डॉक्टरनं चालायला सांगितलंय.

नांदुऱ्याच्या दुकानात मी विक्रेत्याला जीव नकोसा केला. स्वस्त घड्याळ रस्ता मोजायला खिशातल्या फोनच्या भरवशावर राहायचं, म्हणून ते बाद. महागडं खोल समुद्रातही चालायचं. आमच्या नदीत उन्हाळ्यात घोटा भिजत नाही, म्हणून तेही बाद. मधल्याला स्वतःचं जीपीएस होतं. त्याची स्क्रीन उन्हात दिसते का हे बघायला मी ते घेऊन थेट रस्त्यावर गेलो, तसा तो बिचारा मागे धावत आला. अचूक किती, असं विचारल्यावर म्हणाला, चार-दोन पावलं इकडंतिकडं होतं काका, ट्रेकिंगला काय फरक पडतो. मला ते पटलं. आपल्याला ट्रेकिंगला जायचं नाही, हे मी साफ विसरलो.

पहिल्या सकाळी रेघ माझ्या कपाशीतून गेली. दादानं माझ्या चार ओळी गिळल्याचं पाहून मला फार आनंद झाला. खात्रीसाठी परत चाललो, तर मीच त्याच्या चार ओळी गिळल्या होत्या. तिसऱ्यांदा रेघ त्याच्या विहिरीतून गेली आणि घड्याळानं माझं अभिनंदन केलं.

मी चिडून रोज चालू लागलो. दादा त्याच्या गोठ्यापासून बघायचा. एका सकाळी तो सरळ धुऱ्यावर आला. भांडणाच्या तयारीनं मी बाही घड्याळावर ओढली.

"डॉक्टरनं काय सांगतलं तुले?" त्यानं विचारलं.

बायकांचं आपसातलं बोलणं कधी बंद नव्हतंच. माझी थाप वहिनीकडून दादापर्यंत पोहोचेस्तोवर तिचा हृदयविकार झाला होता. मी म्हणालो, काही नाही, चालायचं सांगतलं.

"मंग एकटा काऊन फिरतं? इथं घेरी आली त कोन पाहीन तुले?"

मी ठणठणीत आहे हे सांगावं, तर मग चालतोय कशाला तेही सांगावं लागणार. मला फार लाज वाटली, आणि खरं सांगायचं तर फार बरंही वाटलं.

"हे काय सांगून राह्यलं?" त्यानं घड्याळाकडे बोट केलं.

"चालत राह्य म्हणते."

"मंग चाल."

तो त्याच्या बाजूनं निघाला, मी माझ्या. बाभळीपाशी त्याच्या बाजूला काटे होते, म्हणून तो धुरा ओलांडून माझ्या कपाशीत आला. काटे संपले तरी तो माझ्याच शेतातून चालत होता. दादा माझ्या हद्दीत आल्याचं इतकं स्पष्ट मला कधीच दिसलं नव्हतं. मी थोडा बाजूला सरकून त्याला वाट करून दिली.