तुफान मागायला गेलेली तोयोआजी

त्या उन्हाळ्यात जपानच्या दक्षिण टोकाच्या इशिगाकी बेटावर तुफान आलंच नाही. शहरातला माणूस म्हणेल, सुटलात! पण गावातल्या कोळ्यांच्या तोंडचं पाणी पळालं होतं. तुफान समुद्र तळापासून ढवळतं, खालचं गार पाणी वर आणतं. यंदा पोवळ्यांच्या कड्याच्या आतलं उथळ पाणी आंघोळीच्या पाण्यासारखं तापत राहिलं. पोवळी आधी जांभळी-निळी चमकायला लागली. काचेच्या तळाच्या होडीतले पाहुणे टाळ्या पिटायचे. होडीवाला झेनशिन त्यांच्याकडे पाठ करून उभा राहायचा. ही चमक मरणाच्या आधीची, हे त्याला ठाऊक होतं. मग पोवळी पांढरी पडू लागली.

झेनशिनची आई तोयो गावच्या देवराईची त्सुकासा, म्हणजे गावाच्या वतीनं देवाशी बोलणारी बाई. एरवी बाई साधीच. परसातल्या पपया विकायची आणि घासाघीस करणाऱ्याला दोन शब्द फुकट द्यायची. पण चाळीसेक वर्षं दर उन्हाळ्यात तिनं तुफानाला हात जोडून बाजूनं जायला सांगितलं होतं.

एक तुफान बेटाकडे निघाल्याची बातमी आली, तसे कोळी तिच्या दारात येऊन बसले.

"तोयोआजी, यंदा त्याला अडवू नका."

"आणि तुमच्या होड्या रे?"

"होड्या वर ओढून बांधू. पोवळं कुठे ओढून बांधायचं? ते मेलं की मासा गेला, मासा गेला की आम्ही."

ते गेले न गेले तोच तिचा धाकटा भाऊ चोएई उसातून तरातरा आला. "ताई, ऐकलं मी सगळं. ऊस डोक्याच्या वर गेलाय. आडवा झाला तर मी संपलो. मुलाच्या पोवळ्यांसाठी भावाचं घर बुडवणार?"

"तुझ्या शेतातली लाल माती दर पावसात समुद्रात उतरते, पोवळ्यांच्या नाकातोंडात जाते. तेव्हा मी आले होते का भांडायला?"

"ते वेगळं. तू आपलं नेहमीचं काम कर, बस."

"चहा तरी घे."

"नको तुझा चहा!"

इकडे आड, तिकडे विहीर. रात्रभर तिचा डोळा लागला नाही. पण उजाडेपर्यंत तिनं मनाशी पक्कं केलं होतं: तुफानाला बोलवायचं.

पांढरा झगा घालून ती देवराईत शिरली. दगडी कुंपणाच्या आत पुरुषांनी जायचं नसतं, म्हणून झेनशिन बाहेर थांबला. तिनं मीठ, तांदूळ आणि आवामोरी दारूचा पेला मांडला, उदबत्त्या लावल्या, डोळे मिटले. जीभ सुरू झाली आणि आपल्या जुन्या वाटेनं चालत सुटली. शेवटचा नमस्कार करताना तिला कळलं, आपण काय बोललो ते. 'दूरच्या दूर जा, आमच्या लेकरांवरून जाऊ नकोस.' देवापुढे बोललेलं परत घ्यायचं नसतं, आणि एका वर्षात दोनदा मागायचंही नसतं. ती तोंड शिवून बाहेर आली.

क्षितिजावर ढग दाटले. वारा सुटला. कोळ्यांनी होड्या ओढल्या, चोएईनं घराच्या खिडक्यांना फळ्या ठोकल्या. सगळं गाव श्वास रोखून बसलं. आणि तुफान उत्तरेला वळलं. पावसाचा थेंब पडला नाही.

चोएई आवामोरीची मोठी बाटली घेऊन आला, डोळ्यांत पाणी. "ताई, शेवटी रक्ताला जागलीस." तिनं बाटली घेतली.

काही आठवड्यांनी झेनशिन तिला होडीतून घेऊन गेला. काचेखाली पोवळ्यांवर हिरवट शेवाळ चढलं होतं. मासा दिसत नव्हता. तिनं देवराईत घडलेलं सगळं त्याला सांगून टाकलं.

झेनशिननं तिचा हात धरला. "वेडी आहेस का आई? तुफान तुझ्या सांगण्यावरून वळतं होय? सगळ्या जगाचाच समुद्र तापलाय. तुझा काडीचाही दोष नाही."

तो मायेनंच बोलला, पण ते तिच्या काळजात घुसलं. दोष नाही, म्हणजे तिच्या बोलण्यात जोरही नाही. मग इतकी वर्षं त्या झाडांखाली ती कुणाशी बोलत होती? गाव कुणाच्या भरवशावर झोपत होतं?

"वळतं," ती ताडकन म्हणाली. "माझ्याच सांगण्यावरून वळलं."

"आई..."

"तू गप्प बस!"

तिनं त्याचा हात झिडकारला, काचेवर डोकं टेकलं आणि पोवळ्यांची माफी मागायला लागली, मोठमोठ्यानं, मुलाला शब्दन् शब्द ऐकू जाईल अशी.