दुसऱ्या खेपेची बाळंतीण

नर्सिंग कॉलेजात आरोग्यसंवर्धनाचा सिद्धांत शिकवला, तो मला लगेच पटला होता. नुसती भीती घालून माणूस बदलत नाही. ‘हे मला जमेल’ असं आतून वाटलं, वाटेतली अडचण कोणी दूर केली आणि घरच्यांनी हात दिला, की बदलतो. परीक्षेत मी ते चौकोन आणि बाण काढून लिहिलं. खरी परीक्षा झाली ती प्रसूतीच्या वॉर्डात.

सालेकसाकडची धानाची शेती करणाऱ्या घरची एक बाई दुसऱ्या बाळंतपणाला आली होती. मुलगी झाली. तिला आईच्या कुशीत देऊन मी वळले, तोच सासूने पिशवीतून दुधाची बाटली काढली.

‘‘मावशी, बाटली नका देऊ,’’ मी म्हटलं.

‘‘कायले? पोरगी रडून राहिली. इच्या आंगात दूधच नाही. पहिल्या पोराच्या वक्तालेही नव्हता.’’

अंथरुणावरची बाई मान खाली घालून म्हणाली, ‘‘खरं हाय जी. मले नाही येत.’’

अशा वेळी बाटलीचे तोटे सांगायचे आणि रागवायचं, ही वॉर्डातली नेहमीची रीत. मला ती कधीच पटली नाही. मी स्टूल ओढून बसले. ‘‘मागच्या वेळी काय काय झालं होतं, सांग बरं.’’

ती सांगू लागली. पोरगा नीट धरायचा नाही. स्तनाला चिरा पडल्या, कळा यायच्या. तो रडायचा म्हणून बाटली आली. ‘‘मंग दूध आटूनच गेला.’’ पुढे पोराला सारखी हगवण लागायची, हेही तिनेच सांगितलं.

‘‘म्हणजे आधी दूध होतं,’’ मी म्हटलं. ‘‘बाटली आली, पोरगा ओढेना, म्हणून आटलं. बाळ जितकं ओढेल तितकं दूध बनतं. तुझ्या अंगात खोट नव्हती. बाळाला धरायचं कसं, ते कोणी दाखवलं नव्हतं.’’

तिने पहिल्यांदा मान वर करून माझ्याकडे पाहिलं.

तिला टेकवून बसवलं, हाताखाली उशी दिली. बाळाचं पोट आईच्या पोटाला लावलं. बाळाने तोंड मोठं उघडेपर्यंत थांबायला सांगितलं. पहिल्यांदा बाळाने नुसतं टोक धरलं आणि ती कळवळली. तोंडाच्या कोपऱ्यात करंगळी घालून मी बाळाला सोडवलं. ‘‘पुन्हा कर. या वेळी तूच.’’ मी हात मागे घेतले.

या वेळी तोंड भरून धरलं गेलं. थोड्या वेळाने हलका घोट ऐकू आला.

‘‘गिळून राहिली जी!’’ ती म्हणाली, आणि हसली.

सासू उभीच होती. त्यांच्या घरी बाळंतिणीला पाणी बेतानेच देतात, असं त्या म्हणाल्या. मी त्यावर वाद घातला नाही. ‘‘मावशी, बाळ ओढतं तेव्हा आईचा घसा सुकतो. तिला विचारा.’’ सुनेने लगेच पाणी मागितलं. सासूने पेला भरला. मग मी त्यांनाच काम दिलं: पाजताना उशी नीट ठेवायची आणि बाळाच्या तोंडाकडे बघायचं. दुपारपर्यंत त्या मला बोलावून सांगू लागल्या, ‘‘सिस्टरबाई, आता बराबर धरलन.’’

दुसऱ्या दिवशी शेजारच्या खाटेवर पहिलटकरीण आली. तिचं बाळ धरत नव्हतं आणि ती बाळापेक्षा जास्त रडत होती. मला लेबर रूममधून हाक आली म्हणून जावं लागलं. परत आले तर माझी दुसऱ्या खेपेची बाळंतीण तिच्या खाटेवर टेकून बसली होती.

‘‘भेऊ नको वं. तोंड मोठं उघडू दे त्याचं. मलेही असाच झाला होता.’’

सासू मागे उशी धरून उभी होती. मी दारातच थांबले. तिथे माझी गरज नव्हती, आणि मला मनापासून आनंद झाला.

पुढे लसीकरणाच्या दिवशी ती पोरीला घेऊन आली. पोरगी गुबगुबीत झाली होती, वजन छान भरलं होतं. सोबत पोट पुढे आलेली जाऊ होती. मी जावेला म्हटलं, ‘‘ये, बस. दूध पाजायचं कसं ते समजावते.’’

‘‘तुम्ही राहू द्या जी, तुमची लाइन वाढून राहिली,’’ ती म्हणाली. ‘‘इले मी सांगतो.’’

आणि बाकावर बसून, मांडीवरच्या पोरीला पदराआड घेत, ती जावेला दाखवू लागली.