बाबांचं गाऱ्हाणं आणि बिनपायांचे पार्ट

टॅक्सी खाली हॉर्न मारत होती आणि बाबा देवापुढे गाऱ्हाणं घालत होते. डिलाईल रोडच्या आमच्या खोलीत अख्खा मजला जमला होता. “बा देवा म्हाराजा, माझा चेडू परदेशाक चल्ला. दोन वर्सांनी सुखरूप घराक येवंदे रे म्हाराजा!” सगळे एका सुरात म्हणाले, “व्हय म्हाराजा!” चेडू म्हणजे लेक, म्हणजे मीच; मीही म्हटलं, अगदी मनापासून.

मलेशियात, पेनांगच्या कारखान्यात मी सर्किट बोर्डांची लाइन सांभाळते. पहिल्या सुट्टीत आले तेव्हा बाबांना एक बोर्ड दाखवला. त्यांनी जन्मभर मिलमध्ये माग दुरुस्त केले. यंत्रातलं काहीही दिसलं की चष्मा पुसायला घेतात. जुन्या रेडिओतल्या पार्टांना तारेचे पाय असायचे, ते बोर्डाच्या भोकांतून आरपार जायचे. आमचे पार्ट तिळाएवढे, बिनपायांचे, वरच्यावर बसणारे.

“पाय नाय, तर धरून कसो र्‍हवतलो?” बाबांनी विचारलं.

मी सांगितलं, खाली सोल्डरची, म्हणजे डाख द्यायच्या धातूची, पेस्ट असते. भट्टीत ती वितळली की जरा तिरका बसलेला पार्टसुद्धा ओढला जाऊन सरळ होतो, आणि गार झाल्यावर हलत नाही. बाबांना ते काही पटलं नाही.

दोन वर्षं कधीच उलटली. दर गणेश चतुर्थीला व्हिडिओवर तेच गाऱ्हाणं आणि दरवेळी माझा ‘व्हय’ जरा हळू. तुमच्यापैकी जे परदेशी गेलेत त्यांना हे ठाऊक असेल. आता कॉफी मागताना तोंडात आपसूक मलय भाषा येते, आणि चाळीत गेले की पहिले दोन दिवस पाहुणीसारखी अवघडून बसते. वाईट वाटतं, पण आहे ते असं आहे.

यंदा चतुर्थीच्या आधी फोनवर सांगून टाकलं, “बाबा, मी इथंच राहायचं ठरवलंय.” ते नुसतं “बरा” म्हणाले आणि फोन आईकडे दिला. मला घास गोड लागेना. आता ते देवाकडे काय मागणार?

चतुर्थीला जेवणाच्या सुट्टीत कॅन्टीनमध्ये फोन उभा केला. आरती झाली. बाबांनी हात जोडले. “बा देवा म्हाराजा, माझा चेडू...” ते थांबले. आईने त्यांच्याकडे पाहिलं.

“...ज्या जाग्यार बसला हा, थयच घट्ट र्‍हवांदे रे म्हाराजा!”

“व्हय म्हाराजा!” खोलीत जमलेला अख्खा मजला म्हणाला. मीही इतक्या जोरात ओरडले की शेजारच्या टेबलावर कुणाचा तरी चमचा पडला. रडतही होते.

आता माझ्यासाठी घर म्हणजे डिलाईल रोडची ती खोली, जिथं माझ्या पेनांगला राहण्यासाठी अख्खा मजला ‘व्हय’ म्हणतो.